दूरचित्रवाणीवरील अकूस्टिक मैफली: सुरुवात कोणत्या मैफलीपासून करावी?

खानापूरकर: पेटी आणि पखवाजाच्या साथीने चालणारी भजने ऐकत मी वाढलो, त्यामुळे विजेच्या वाद्यांचा गलका टाळून गाणाऱ्या पाश्चात्त्य कलाकारांची मला ओढ वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टिळकवाडी, बेळगाव: 'निर्वाणा' या अमेरिकी रॉक बँडपासून करावी. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'एमटीव्ही अनप्लग्ड' या दूरचित्रवाणीवरील अकूस्टिक मैफलींच्या कार्यक्रमासाठी चित्रित झालेल्या या मैफलीत, लिलीची फुले आणि मेणबत्त्यांनी सजलेल्या मंचावर, बँडचा गायक कर्ट कोबेन याने स्वतःच्या गाण्यांबरोबर इतरांची ६ गाणी गायली. अखेरच्या गाण्यात शेवटचे शब्द उच्चारण्यापूर्वी तो थांबतो, डोळे उघडतो आणि श्वास घेतो. तेवढ्या क्षणासाठी मी ती मैफल पुन्हा पुन्हा पाहतो. एप्रिल १९९४ मध्ये तो गेला, हे ठाऊक असल्याने तो श्वास अधिकच जिव्हारी लागतो.

निपाणीकर: माझे मत गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनच्या 'अनप्लग्ड' मैफलीला. जानेवारी १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या मैफलीत बसून वाजवताना पायाने धरलेला ठेकासुद्धा स्पष्ट ऐकू येतो, आणि आदल्या वर्षी गमावलेल्या लहानग्या मुलासाठीचे गाणे तो कोणताही आव न आणता गातो. भजनाचा कान असलेल्यांना हीच जवळची वाटेल.

खानापूरकर: मनःपूर्वक आभार. आज रात्री क्लॅप्टन ऐकतो.