रजिस्टरात 312 सभासद, बाकावर 35. पंचकमिटीपुढे मांडू कसं?

नवा_पंच:
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमचं चर्च नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अमेरिकन मराठी मिशनच्या वेळचं, दगडी. 1970 पासून सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). मी यंदा पहिल्यांदाच पंचकमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीत आलोय, वय 34, म्हणजे आमच्याकडे अजून 'तरुण संघ'. सभासद रजिस्टर माझ्याकडे आलं तर एकेक नाव बघत बसलो, 312 पैकी 61 जण वारलेत, त्यातल्या दोघांच्या मातीला मी स्वतः खांदा दिलाय, आणि निम्म्यांच्या वर पिंपरी-चिंचवडला नाहीतर मुंबईला, पेन्सिलीने नुसतं 'पुण्यास गेले' लिहिलंय. रविवारी 35 डोकी, पाऊस असला की 20. तरी दरवर्षी वार्षिक सभेत 312 वाचतात आणि सगळे मंजूर मंजूर. खरा आकडा सांगू म्हटलं तर एक काका म्हणाले, बाळा गप्प बस, आकडा कमी दिसला की आपल्याला पाळक देणार नाहीत, शेजारच्या मंडळीला जोडून टाकतील. कुणी हे केलंय का?

संडेस्कूलवाली:
आम्ही केलंय दादा. पण सभेत आकडा आपटू नका, लगेच 'तुम्ही काय केलंत, आम्ही काय केलं' सुरू होतं. आम्ही 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वारलेल्यांची नावं एकेक करून वाचली, प्रत्येक नावाला घरातलं कुणीतरी उभं राहिलं, आणि काही नावांना कुणीच उभं राहिलं नाही. त्यानंतर यादी दुरुस्त करायला कुणी विरोध केला नाही.

मागचा_बाक:
यादी दुरुस्त कराल, पण माणसं का गेली ते पण बघा की. आमचे आजोबा मिशन शाळेत मास्तर, आजी मिशन दवाखान्यात नर्स, राहायला कंपाउंडातच. चर्च भरायचं कारण अख्खं पोट तिथंच होतं. नोकऱ्या आटल्या, पोरं शहरात गेली, यात श्रद्धा कमी झाली वगैरे काही नाही. जे उरले ते प्रॉपर्टीच्या कोर्टकेसमध्ये दमले (आमच्याकडे तर उपासनेपेक्षा तारखेला हजेरी जास्त). आणि 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दाखला ख्रिस्ती झालं की जातो, म्हणून कित्येक घरं मनाने आपली पण कागदावर नाहीत. त्यांना तुमच्या रजिस्टरात कुठं धरणार?
दुसरं, तरुण पोरं पत्र्याच्या शेडातल्या फेलोशिपला, म्हणजे नव्या स्वतंत्र मंडळीला जातात म्हणून नावं ठेवतो आपण. तिथं एक रविवार चुकला की सोमवारी फोन येतो. आपल्याकडे दोन वर्षं गेलो नाही तर फक्त वर्गणीची पावती येते.

नगरी_चहा:
मागच्या बाकाशी सहमत. मी तर म्हणेन कागदाचं ओझं जरा खाली ठेवा. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांनी 1917 ला 'देवाचा दरबार' नावाची मंडळी काढली ती याचसाठी, बाप्तिस्मा झालेला असो नसो, ख्रिस्ताच्या मागे येणारा आपला. 1919 ला ते गेले आणि दरबार फार टिकला नाही ते खरं. पण प्रश्न अजून तोच आहे. नवा_पंच, चर्चच्या भिंतीपलीकडे आत्ता कोण राहतं?

नवा_पंच:
भिंतीपलीकडे? आत्ता ऊसतोडवाल्यांच्या कोप्या. कारखाना चालू झाला की दरवर्षी येतात, आमच्या गेटपासून शंभर पावलं, आणि खरं सांगतो आजवर एकदाही गेलो नव्हतो. बायका पाण्याला पार रस्त्यापलीकडे जातात, पोरं दिवसभर मोकळी. आमच्या आवारात नळ आहे, संडेस्कूलची खोली आहे, आठवडाभर दोन्हीला कुलूप.

संडेस्कूलवाली:
मग नळ उघडा आधी! पण जपून, पत्रकं-बित्रकं काही नको, लोक लगेच धर्मांतर म्हणून बोंब मारतात. पाणी द्या, पोरांना पाटी द्या, मुकादमाला सांगून करा.

नवा_पंच:
काल मुकादमाला भेटून आलो, तो हो म्हणाला. 31 डिसेंबरचं पाळकसाहेबांना विचारलं, ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले नावं मी वाचतो. काका अजून रागावलेत, पण वारलेल्यांच्या यादीत त्यांच्या भावाचं नाव राहिलं होतं ते त्यांनीच फोन करून सांगितलं. नळाची किल्ली खजिनदारांकडे आहे, ते गुरुवारी गावावरून येतायत, आले की मागतो.