चुकलेल्या प्रश्नांवरच जास्त वेळ का जातो?

बँक पीओ (बँक अधिकारी भरती) प्रीलिमची तयारी चालू आहे. रिझनिंगला २० मिनिटांत ३५ प्रश्न, म्हणजे एकाला जेमतेम ३४ सेकंद. क्लासचे सर म्हणतात घाई करतोस म्हणून चुकतं. पण काल मॉकचं (सराव परीक्षेचं) अ‍ॅनालिसिस उघडलं तर उलटंच, बरोबर आलेल्यांना सरासरी २७ सेकंद आणि चुकलेल्या ८ ना ६० च्या आसपास! मग आता सावकाश जायचं की फास्ट?

उत्तर १
अरे हे सगळ्यांचंच असतं. येणारा प्रश्न पटकन सुटतो, न येणाऱ्यावर आपण घुटमळतो आणि शेवटी कंटाळून काहीतरी टिक करतो. वेळ घेतला म्हणून चुकलं असं नाही, येत नव्हतं म्हणून वेळ गेला. सर म्हणतायत ते वेगळं, एकच प्रश्न घाईत सोडवला तर चुकायचा चान्स वाढतो, त्याला स्पीड-अ‍ॅक्युरसी ट्रेडऑफ म्हणतात. तू दोन्हीची खिचडी केलीयस.

उत्तर २
प्रश्न कसला आहे त्यावरही असतं. २०१४ मध्ये गोल्डहॅमर वगैरे मंडळींनी पियाक टेस्टचा (मोठ्या माणसांची वाचन वगैरे कौशल्यं तपासणारी आंतरराष्ट्रीय टेस्ट) डेटा तपासला होता, वाचनाच्या प्रश्नांत जास्त वेळ म्हणजे बरोबर यायची शक्यता कमी, पण कॉम्प्युटरवरच्या प्रॉब्लेम सॉल्व्हिंगमध्ये नेमकं उलटं. वाचन सवयीने होतं ना, तिथे अडखळलास म्हणजे गडबड आहे. आणि फास्ट तो हुशार हे डोक्यातून काढ. २०२३ चा बर्लिनच्या टीमचा पेपर आहे, ६५० लोकांचा डेटा, जास्त स्कोअरवाले सोप्या प्रश्नांत फास्ट पण अवघड प्रश्नांत उलट स्लो निघाले. अर्थात त्यांना निगेटिव्ह मार्किंगचं टेन्शन नव्हतं 😄

उत्तर ३
सरासरी बघत बसू नको, ते ८ प्रश्न एकेक करून उघड. १५ सेकंदांच्या आत चुकलेले घाईचे, मिनिटाच्या वर गेलेले अडकल्याचे. दोन्हींवर औषध वेगळं.

प्रश्न विचारणारा
बघितलं. ३ सिलॉजिझमचे (दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढायचे), तिन्ही दहा-बारा सेकंदांत टिक केलेले. उरलेले ५ एकाच पझलचे, गोल टेबलाभोवती ८ जण, त्यातले काही बाहेर तोंड करून, आणि मी ते 'बाहेर' वाचलंच नव्हतं!! त्यांचं डावं-उजवं उलटं बसवलं आणि साडेसात मिनिटं त्यातच घातली. म्हणजे सर पण बरोबरच होते च्यायला.