विद्यापीठात प्रवेश घेण्यापूर्वी मेनिंजायटिसची लस: जुना डोस चालेल का, आणि ‘बी’ची लसही घ्यावी का?

उंबरठा (प्रश्न)

माझी मुलगी अठरा वर्षांची असून पाच आठवड्यांनी ती परदेशातील विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षात दाखल होईल आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात राहील. प्रवेशाच्या कागदपत्रांत मेनिंगोकोकल ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार गटांवरील लस घेतल्याचा पुरावा मागितला आहे. तिच्या लसीकरण पत्रिकेत लहानपणीच्या लसी वेळेवर घेतल्याच्या नोंदी आहेत. त्यांत हिब आणि न्यूमोकोकलही आहेत, आणि वयाच्या बाराव्या वर्षी ‘मेनिंगोकोकल कॉन्ज्युगेट, चार गट’ असा एक डोस घेतल्याचीही नोंद आहे. तो डोस आता पुरेसा मानला जाईल का, की पुन्हा घ्यावा लागेल? ‘बी’ गटाची लस वेगळी असते असे वाचनात आले. कागदपत्रांत तिचा उल्लेख नाही, तरी ती घ्यावी का? आमच्या घरातील काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे आहे की हा आजार इतका विरळा आहे की त्यासाठी एवढी धावपळ करण्याचे कारण नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पांढरा कोट

ताई, आधी पत्रिकेतील नोंदी नीट वेगळ्या करून पाहू, कारण पालकांचा सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. मेंदूच्या आवरणाला सूज येण्याची, म्हणजेच मेनिंजायटिसची, कारणे अनेक आहेत आणि प्रत्येक लस त्यांपैकी एकाच कारणावर काम करते. हिबची लस एका जिवाणूवर, न्यूमोकोकलची दुसऱ्या जिवाणूवर, तर जपानी मेंदूज्वराची लस डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूवर असते. विद्यापीठ ज्या जिवाणूची काळजी करते तो मेनिंगोकोकस आहे (ए, बी, सी, डब्ल्यू, वाय हे त्याचेच गट) आणि वरीलपैकी एकही लस त्याच्यापासून संरक्षण देत नाही. ‘लहानपणीच्या सगळ्या लसी झाल्या आहेत’ हे वाक्य म्हणूनच येथे उपयोगाचे नाही, कारण पुष्कळ देशांच्या नेहमीच्या बालवयीन वेळापत्रकात मेनिंगोकोकलची लस मुळातच नसते.

तुमच्या मुलीचा बाराव्या वर्षीचा डोस मात्र नेमका याच जिवाणूवरचा आहे. तो पुरेसा आहे का, याचे उत्तर ती कोणत्या देशात जात आहे यावर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये ही चार गटांची लस २०१५ पासून किशोरवयीनांना दिली जाते, आणि तेथील नियमांनुसार वयाच्या दहाव्या वर्षी किंवा त्यानंतर घेतलेला एक डोस सर्वसाधारणपणे पुरेसा धरला जातो. अमेरिकेची वाट वेगळी ठरली. तेथील लसीकरणविषयक सल्लागार समितीने २००५ मध्ये ११ ते १२ वर्षे वयाच्या मुलांसाठी एका डोसची शिफारस केली होती. त्या वयात मिळालेली प्रतिकारशक्ती पाचेक वर्षांत बरीच ओसरते, म्हणजे मुले वसतिगृहात जाण्याच्या सुमारासच संरक्षण कमी पडते, असे पुढे लक्षात आले आणि २०१० मध्ये सोळाव्या वर्षी बूस्टर देण्याची शिफारस त्यात जोडली गेली. तेथील अनेक विद्यापीठे म्हणूनच सोळाव्या वाढदिवसानंतरच्या डोसचा पुरावा मागतात. काही ठिकाणी प्रवेशापूर्वीच्या पाच वर्षांतील डोसची अट असते.

त्यामुळे विद्यापीठाच्या आरोग्य विभागाला पत्र लिहून ‘बाराव्या वर्षीचा डोस ग्राह्य आहे का?’ असे लेखी विचारावे, हे बरे. माझे व्यक्तिगत मत विचाराल तर नियमाने सूट दिली तरीही मी आणखी एक डोस घ्यायला सांगेन. सहा वर्षांपूर्वीच्या डोसवर तो घेण्यात काही अपाय नाही. दंड दुखणे, डोके दुखणे, थकवा किंवा कणकण असे त्रास एक-दोन दिवसांत जातात. पूर्वीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी झाली असल्यास मात्र ती लस पुन्हा देत नाहीत. या वयातील मुलांना सुई टोचल्यावर भोवळ येण्याचे प्रमाण बरेच असते, म्हणून डोसनंतर पंधरा मिनिटे तिला बसवून ठेवावे.

वेळेबाबत सांगायचे तर डोसनंतर पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास साधारण दोन आठवडे लागतात. तुमच्याकडे पाच आठवडे आहेत. शेवटच्या आठवड्यातील सामानाच्या गडबडीवर हे काम टाकू नका.

हिशेबी

वडीलधाऱ्यांची बाजू कोणीतरी नीट मांडावी म्हणून लिहितो. मी लसविरोधक नाही. परंतु हा आजार विरळा आहे हे त्यांचे म्हणणे खरे आहे. बहुसंख्य देशांत दर लाख लोकांमागे वर्षाला एखादी केस, कित्येकदा त्याहूनही कमी, असे त्याचे प्रमाण असते. विद्यापीठात जाणाऱ्या लाखो मुलांपैकी फारच थोड्यांना तो होतो. ‘बी’च्या लसीबाबत तर ब्रिटनसारख्या देशानेही २०१५ मध्ये ती तान्ह्या बाळांसाठी सुरू केली, किशोरवयीनांसाठी नाही. तेथील तज्ज्ञांनी खर्च आणि लाभ यांचा हिशेब मांडूनच हा निर्णय घेतला होता. मग एका कुटुंबाने त्याहून अधिक का करावे? चार गटांची लस विद्यापीठ मागते आहे, ती द्यावी आणि विषय संपवावा, असे मला वाटते.

वसतिगृहातील परिचारिका

विद्यार्थ्यांच्या आरोग्य केंद्रात काम करत असल्याने यावर थोडे सविस्तर लिहिते.

‘हिशेबी’ यांनी दिलेले प्रमाण बरोबर आहे, परंतु ते संपूर्ण लोकसंख्येचे आहे. हा जिवाणू ज्या रीतीने पसरतो ती पाहिली, तर पहिल्या वर्षाचा वसतिगृहातील विद्यार्थी त्या सरासरीत बसत नाही. मेनिंगोकोकस बहुतेक वेळा माणसाच्या घशात आणि नाकाच्या मागील भागात निरुपद्रवीपणे राहतो. कोणत्याही वेळी सुमारे दहा टक्के लोक त्याचे वाहक असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. किशोरवयाच्या अखेरीस हे प्रमाण सर्वांत जास्त असते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात १९९७ साली सत्र सुरू झाल्यावर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या घशातील नमुने तपासण्यात आले. पहिल्या दिवशी ६.९ टक्के विद्यार्थी वाहक होते, तर चौथ्या दिवशी हे प्रमाण २३.१ टक्के झाले. ठिकठिकाणांहून आलेली, एकमेकांच्या जंतूंची सवय नसलेली मुले एका इमारतीत येतात, रात्री उशिरापर्यंत जवळजवळ बसून गप्पा मारतात, एकाच पेल्यातून पितात, चुंबन घेतात, आणि जिवाणू त्या चार दिवसांत आपले काम उरकतो. त्यांतील जवळपास सगळे वाहकच राहतात, आजारी पडत नाहीत. ज्या एखाद्याच्या रक्तात जिवाणू शिरतो, त्याच्यापुढे मात्र फार थोडा वेळ असतो.

किती थोडा, हे आकड्यांपेक्षा आजाराच्या क्रमावरून कळते. सकाळी फ्लूसारखी कणकण वाटणारा विद्यार्थी त्याच रात्री अतिदक्षता विभागात असू शकतो. योग्य प्रतिजैविके मिळूनही दहांपैकी सुमारे एक रुग्ण दगावतो. वाचलेल्यांपैकी दहा ते वीस टक्क्यांना बहिरेपणा, मेंदूची इजा, हातापायाची बोटे किंवा अवयव गमावणे असे कायमचे परिणाम भोगावे लागतात. म्हणून ‘विरळा’ हा शब्द वडीलधाऱ्यांनी वापरला तर त्यावर वाद घालू नये, तो खराच आहे. एखादी गोष्ट विरळा आहे म्हणून तिच्याविरुद्धचा सोपा उपाय सोडून द्यावा का, एवढेच त्यांना विचारावे.

आता ‘बी’ गटाबद्दल. चार गटांची कॉन्ज्युगेट लस (जिवाणूच्या आवरणातील शर्करा प्रथिनाला जोडून बनवलेली) घशातील वाहकपणाही कमी करते, त्यामुळे ती घेणाऱ्याबरोबर न घेतलेल्यांनाही आडोसा मिळतो. ब्रिटनने १९९९ मध्ये ‘सी’ गटाची लस सुरू केल्यावर तो आजार झपाट्याने आटोक्यात आला, त्यात या गुणाचा मोठा वाटा होता. ‘बी’च्या लसीत हा गुण नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात २०१३ मध्ये ‘बी’ गटाचा उद्रेक झाला. त्या वेळी तेथे या गटाची लस मंजूर झालेली नव्हती, म्हणून विशेष परवानगी काढून युरोपात मंजूर झालेली लस डिसेंबरपासून विद्यार्थ्यांना देण्यात आली. लस घेतलेल्यांपैकी कोणीही आजारी पडले नाही. परंतु मार्च २०१४ मध्ये त्यांच्या संपर्कात आलेल्या दुसऱ्या विद्यापीठातील एका विद्यार्थिनीचा त्याच जिवाणूने मृत्यू झाला. लस घेणारा सुरक्षित राहिला, पण जिवाणूचा प्रवास थांबला नाही. साऱ्या देशाच्या कार्यक्रमाचा हिशेब मांडणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक मोठा असतो आणि ब्रिटनचा निर्णय त्यातून समजतो. एका मुलीच्या पालकांचा हिशेब निराळा आहे. त्यांना तिच्यापुरते संरक्षण हवे असेल तर ते या लसीतून मिळते.

दोनच व्यावहारिक अडचणी आहेत. ‘बी’च्या लसीचे दोन डोस लागतात आणि लसीनुसार व त्या त्या देशाच्या शिफारशीनुसार त्यांतील अंतर एक ते सहा महिने असते. शिवाय एका कंपनीच्या लसीचा पहिला डोस घेऊन दुसरा डोस दुसऱ्या कंपनीचा चालत नाही. पहिला डोस घरी आणि दुसरा परदेशात घेण्याचा विचार असेल, तर तीच लस तेथे उपलब्ध आहे का, हे पहिला डोस टोचण्यापूर्वी विचारावे.

पांढरा कोट

परिचारिकाताईंच्या उत्तराशी सहमत आहे. लस कोणतीही घेतली तरी लक्षणे मुलीला माहीत असावीत, ही भर घालतो. एकही लस सर्व गटांना आणि सर्व कारणांना पुरून उरत नाही, आणि लस घेतलेली मुलेच ‘मला हा आजार होणारच नाही’ म्हणून उशीर करतात.

ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, प्रकाश सहन न होणे ही पुस्तकातली लक्षणे झाली. त्यांच्याआधी हातपाय गार पडणे, पायांत असह्य वेदना, उलट्या, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसू शकते. ‘डब्ल्यू’ गटाच्या आजारात तर काही तरुण रुग्णांना सुरुवातीला फक्त उलट्या आणि जुलाब झाले होते, आणि ते पोट बिघडल्याचे समजून सोडून देणे फार सोपे असते. अंगावर जांभळट-लालसर ठिपके उठले आणि त्यांवर काचेचा पेला दाबल्यावरही ते फिकट झाले नाहीत, तर एक मिनिटही दवडू नये. परंतु ठिपके उशिरा येतात, कधी येतच नाहीत, आणि सावळ्या त्वचेवर पटकन दिसत नाहीत. म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू पाहावी, आणि ठिपक्यांची वाट पाहत थांबू नये. पहिल्या आठवड्यातली थकावट, जागरण, मद्यपानाचा दुसऱ्या दिवशीचा त्रास आणि हा आजार सुरुवातीला सारखेच वाटतात. म्हणून खोलीचे दार बंद करून पडलेल्या मित्राची दर काही तासांनी विचारपूस करणे हे तेथील प्रत्येकाने करण्याचे काम आहे. तुमच्या मुलीला हे सांगा आणि तिच्या खोलीतल्या मुलीलाही सांगायला सांगा.

हिशेबी

‘बी’च्या लसीतील हा भेद माझ्या हिशेबात नव्हता. सरसकट कार्यक्रमाबाबत माझे मत तेच आहे, परंतु एका घराचा निर्णय वेगळ्या निकषावर होऊ शकतो हे मान्य आहे. एक प्रश्न मात्र राहतो. लस न घेता कोणी तेथे पोहोचलेच, तर संधी गेली असे समजायचे का?

वसतिगृहातील परिचारिका

अजिबात नाही. दाखल झाल्यावर पहिल्या दिवसांतही ती घेता येते. ब्रिटनमध्ये ज्यांची शाळेतील फेरी चुकली त्यांना पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत ही चार गटांची लस मिळते. उशिरा घेतल्यास सर्वाधिक जोखमीचे पहिले दोन आठवडे संरक्षणाविना जातात, एवढाच तोटा आहे, पण तोटा नेमका तिथेच होतो. तेथे पोहोचताच विद्यापीठाजवळच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवणे मुलांच्या हमखास राहून जाते. ते पहिल्या आठवड्यात करावे, म्हणजे लस राहिली असेल तर ती घेता येते आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा हेही ठरलेले असते.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. विद्यापीठाच्या आरोग्य विभागाचे उत्तर आले. सोळाव्या वर्षानंतरचा डोसच ग्राह्य धरला जाईल असे त्यांनी कळवले आहे, त्यामुळे चार गटांचा डोस याच आठवड्यात देणार आहोत. ‘बी’चा पहिला डोसही त्याच भेटीत दुसऱ्या दंडात देता येईल का, आणि प्रमाणपत्रावर नेमके काय लिहून घ्यावे?

पांढरा कोट

होय, दोन्ही लसी एकाच भेटीत वेगवेगळ्या दंडांत देता येतात. मात्र त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ताप व थकवा थोडा अधिक वाटू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा प्रवास ठेवू नये. प्रमाणपत्रावर लसीचे पूर्ण नाव, त्यात समाविष्ट असलेले गट, बॅच क्रमांक, डोस दिल्याची तारीख आणि डॉक्टरांची सही व शिक्का असावा. मुलीचे नाव पारपत्रावर आहे अगदी तसेच लिहून घ्यावे. नुसते ‘मेनिंजायटिसची लस दिली’ असे लिहिलेले प्रमाणपत्र कोणतेही विद्यापीठ परत पाठवील. बाराव्या वर्षीच्या डोसची नोंदही त्याच कागदावर उतरवून घ्या आणि मूळ पत्रिका तुमच्याकडे ठेवून तिला तिचे छायाचित्र फोनमध्ये द्या. ‘बी’च्या दुसऱ्या डोसची तारीखही त्याच दिवशी ठरवून टाका.