वयस्कर आईवडिलांच्या घरी दिवाळीची सजावट: सोपी आणि सुरक्षित कशी करावी?

नौपाडा_माहेर
नमस्कार. माझे आईवडील ठाण्याच्या नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोघेच राहतात. वडील ७८ वर्षांचे आहेत, आई ७३ वर्षांची. आईचे दोन्ही गुडघे दुखतात; वडिलांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि मान वर करून काही काम केले की त्यांना गरगरते. तरीही दिवाळी आठवड्यावर आली की वडील माळ्यावरून कंदिलाचे खोके काढायला स्टूल लावतात, आणि दारात ठिपक्यांची रांगोळी काढल्याशिवाय आईची वसुबारस होत नाही. मी घोडबंदर रोडला राहते; नोकरी सांभाळून पाचही दिवस तिकडे जाणे मला जमणारे नाही. “या वर्षी काही करू नका, मी तयार तोरण आणून लावते,” असे सुचवले, तर दोघेही दुखावले. सजावट त्यांच्याच हातून व्हावी, पण त्यासाठी कोणी चढू नये, वाकू नये आणि भाजून घेऊ नये, अशी काही व्यवस्था आपल्यापैकी कोणी केली असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

वायरमन_कळवा
ताई, कंदील वडिलांनाच लावू द्या, फक्त तो खाली उभे राहून लावता येईल अशी सोय करून द्या. पूर्वी वाड्यांत आणि चाळींत कंदील कप्पीवरून दोरीने वर चढवत असत. तीच पद्धत फ्लॅटच्या बाल्कनीत उत्तम चालते. ग्रिलच्या वरच्या आडव्या पट्टीला हूक आणि लहान कप्पी एकदाच बसवून घ्या, आणि दोरीचे दुसरे टोक गुंडाळण्यासाठी कंबरेच्या उंचीवर एक खुंटी लावा. कंदिलाचा भार दोरीवर यायला हवा, वायरवर नव्हे. म्हणून वायर दोरीला हात-हातभर अंतरावर सैलसर बांधावी आणि होल्डरजवळ थोडी ढील ठेवावी. बल्ब बदलायचा असेल तर बटण बंद करून प्लगही काढावा, कंदील छातीपर्यंत उतरवून घ्यावा आणि काम झाल्यावर पुन्हा चढवावा. कंदील कागदी असो वा कापडी, त्यात ५ ते ९ वॅटचा एलईडी बल्ब पुरतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब इतका तापतो की कागद करपतो, तो घरात शिल्लक असला तरी वापरू नये.

दिव्यांच्या माळांच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त माळा थेट २३० व्होल्टवर चालतात, त्यांची वायर केसासारखी बारीक असते आणि जोड नुसत्या चिकटपट्टीने झाकलेले असतात. मोबाइलच्या चार्जरवर चालणारी ५ व्होल्टची माळ घेतली, तर वायर एखाद्या ठिकाणी सोलली गेली तरी माळेतून जबर झटका बसण्याची भीती राहत नाही; चार्जर मात्र चांगल्या कंपनीचा हवा. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे संध्याकाळी अवचित सर येते, त्यामुळे बाल्कनीतला जोड उघड्यावर नको. जुन्या इमारतींत बहुधा नसतो, पण मीटरपुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेता आला तर जरूर घ्यावा. हा खर्च केवळ दिवाळीपुरता नाही.

फिजिओ_पाचपाखाडी
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्याला जोडून माळ्याविषयी लिहिते, कारण सणाच्या आधी पडून दुखापत होण्याला सजावटीपेक्षा साफसफाई आणि माळाच अधिक कारणीभूत होतात. स्टुलावर उभे राहून मान मागे टाकली की तोल सांभाळणे वयानुसार अवघड होतेच, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे उभे राहताना चक्करही येऊ शकते. स्टूल धरायला शेजारी कोणी असले तरी पडणाऱ्या माणसाला तो सावरू शकेलच असे नाही. तेव्हा पुढच्या भेटीत आपण स्वतः ते खोके उतरवावे आणि दिवाळी संपल्यावर ते माळ्यावर परत न ठेवता कपाटाच्या मधल्या खणात ठेवावे. सणाचे सगळे सामान कंबर आणि खांदा यांच्या दरम्यान हाताला लागले पाहिजे.

आईंच्या रांगोळीसाठी दाराशेजारी, भिंतीला लागून, गुडघ्याहून थोडे उंच असे न डगमगणारे टेबल मांडावे. त्यावर दीड-दोन फुटांची प्लायवूडची फळी गेरूने सारवून ठेवावी आणि आईंनी हातांच्या खुर्चीवर बसून तिथल्या तिथे ठिपके मांडावेत, म्हणजे उचलून नेताना रांगोळी विस्कटण्याचा प्रश्नच येत नाही. उंबऱ्यासमोरच्या लादीवर रांगोळी काढण्याचा आग्रह मात्र सोडावा, असे मी सुचवीन. गुळगुळीत लादीवर ती भुकटी वाळूसारखी सरकते, आणि झेंडूच्या ओल्या पाकळ्यांवरूनही पाय तितकाच घसरतो. येण्याजाण्याच्या वाटेत वायर, पायपुसणे किंवा पणती यांपैकी काहीही नसावे. रात्री स्वच्छतागृहाकडे जाण्याचा मार्ग तर दिवाळीतही अगदी नेहमीसारखाच राहू द्यावा.

आजी_चरई
मी स्वतः पंचाहत्तरीला आले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. बॅटरीच्या पणत्या खिडकीत छान दिसतात, मीही त्या वापरते, पण लक्ष्मीपूजनाला तेलाचा एक तरी दिवा नसेल तर मला चालत नाही, आणि तुमच्या आईंनाही चालणार नाही. तो एक दिवा देवघरासमोर, पडद्यापासून दूर, काठाच्या पितळी ताटात वाळू पसरून त्यात नीट बसवून लावावा. तेल अर्ध्यापर्यंतच घालावे, वात तेलाबाहेर बोटभर काढू नये, आणि सांडलेले तेल लगेच पुसावे. त्या दिवशी सुती साडी नेसावी आणि पदर खोचून घ्यावा. सिंथेटिक साडी पेटली तर वितळून अंगाला चिकटते. घरात कोणाला ऑक्सिजनचे यंत्र लावलेले असेल, तर हा एक दिवासुद्धा नको. भाजलेच तर भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. टूथपेस्ट किंवा हळद लावत बसू नये.

बॅटरीच्या पणत्या घेताना सेलचे झाकण स्क्रूचे आहे ना, हे पाहून घ्या. बटणासारखे चपटे सेल भाऊबीजेला आलेल्या लहान मुलांनी गिळले तर प्रकरण जिवावर बेतते. जांभळी नाक्यावर खरेदीला जायचे असेल तर सकाळी दुकाने उघडताच जावे. संध्याकाळच्या त्या गर्दीत आईवडिलांना नेणे म्हणजे हौसेची शिक्षा.

नौपाडा_माहेर
सर्वांचे मनापासून आभार. कप्पीची कल्पना वडिलांना फोनवर सांगितली, तर दोरी कोणत्या जाडीची हवी इथपर्यंत त्यांची चर्चा पोहोचली. आईने टेबलावरची रांगोळी मान्य केली आहे, पण उंबऱ्यावर लक्ष्मीची पावले हवीतच, असे तिचे म्हणणे आहे. एक शंका उरते: बाल्कनीचे ग्रिल बरेच गंजलेले आहे. मग हूक स्लॅबला लावावा का?

वायरमन_कळवा
प्लास्टर पोकळ वाजत असेल तर स्लॅबला ड्रिल मुळीच करू नका. ढलपा डोक्यात पडेल. ग्रिलचा उभा बार भिंतीत जिथे शिरतो तिथे गंजून पातळ झाला आहे का, हे फॅब्रिकेशनवाल्याकडून तपासून घ्या. तो मजबूत असेल तर वरच्या पट्टीला क्लॅम्प लावून त्यात कप्पी अडकवता येते, भोक पाडावे लागत नाही. स्लॅब आणि ग्रिल दोन्ही कच्चे असतील तर बाल्कनीचा नाद सोडून खिडकीच्या आतल्या बाजूला, पडद्याच्या दांडीला न बांधता, भिंतीतल्या पक्क्या हुकाला हलका कागदी कंदील लावा. दोरी ४ मिलिमीटरची नायलॉनची घ्या. आणि उंबऱ्यावरची पावले स्टिकरची चालतील, पण ती आडव्या लादीवर न लावता चौकटीच्या उभ्या बाजूला लावा. चारही कडा घट्ट चिकटलेल्या असू द्या.