जुन्या कार्ब्युरेटर गाडीचे एमिशनचे पाईप: बदलायचे की काढून बूच मारायचे?

धागाकर्ता
१९७०-८० च्या दशकांतल्या गाडीचं बॉनेट उघडलं की धूर आणि वाफ कमी करणाऱ्या (एमिशनच्या) यंत्रणेच्या बारीक काळ्या पाईपांचं जाळं दिसतं, आणि "हे सगळं काढा, इंजिन मोकळं होईल" हा सल्ला लगेच मिळतो. माझा याला ठाम विरोध आहे. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) आणि डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडावी ते) हे सगळे पाईप जागेवर आहेत असं धरूनच ठरवलेले असतात.

पीसीव्हीच (क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातला वायू काढून घेणारा व्हॉल्व्ह) घ्या. पिस्टन रिंगांवरून खाली निसटलेला वायू हा व्हॉल्व्ह इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढतो आणि त्या जागी एअर फिल्टरमधून ताजी हवा आत येते. तो बंद केला की क्रँककेसमध्ये दाब साठतो, ऑइल सील गळतात, तेलात गाळ धरतो. शिवाय ती हवा आयडलच्या (गाडी उभी असतानाच्या संथ वेगाच्या) हिशोबात धरलेली असल्यामुळे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं.

चारकोल कॅनिस्टरचंही (टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा) तेच. पेट्रोल टाकीचं झाकण बिनछिद्राचं असेल आणि व्हेंटच्या पाईपला बूच मारलं, तर टाकीत हवा शिरायला वाट उरत नाही. थोडं अंतर गेल्यावर पेट्रोल येईनासं होतं आणि झाकण सैल करताच गाडी पुन्हा सुरू होते. मग लोक फ्युएल पंप बदलत बसतात.

स्पॅनर
पीसीव्ही, टाकीचा व्हेंट आणि ब्रेक बूस्टरचा पाईप काढा असं जाणकार कोणीच म्हणत नाही. प्रश्न उरलेल्यांचा आहे. पंचवीस-तीस जोड म्हणजे हवा चोरून आत येण्याच्या तितक्याच जागा. थर्मल व्हॅक्यूम स्विचची (इंजिनाच्या तापमानानुसार व्हॅक्यूम सोडणारा किंवा अडवणारा) प्लास्टिकची नळकांडी इतकी ठिसूळ झालेली असतात की पाईप ओढला की तुटतात, आणि नवा स्विच बऱ्याच मॉडेलांना मिळतच नाही.

एअर पंप तर बिनदिक्कत काढावा. तो हवा एक्झॉस्ट पोर्टमध्ये सोडतो, इंजिनात जाणाऱ्या मिश्रणाशी त्याचा संबंध नाही. त्याचा चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) गंजला की गरम धूर उलटा येऊन पाईप जाळतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा एक्झॉस्टमधला भाग) नसलेल्या गाडीत तो काढल्याने चालण्यात काही बिघडत नाही.

धागाकर्ता
चालण्यात नाही, पण धुराच्या तपासणीत बिघडतं. बऱ्याच ठिकाणी गाडीच्या मूळ वर्षाचे निकष लागतात आणि सामान जागेवर आहे का हेही बघतात. पंपाबद्दल एवढं सोडलं तर तुमचं म्हणणं पटतं. ईजीआरबद्दल (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) मात्र अजिबात नाही. त्या वाटेने आत येणारा थोडासा धूर ज्वलनाचं तापमान खाली ठेवतो. तो आला की मिश्रण सावकाश जळतं, म्हणून त्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम ॲडव्हान्स जास्त दिलेला असतो. नुसता ईजीआर बंद केलात तर अर्ध्या थ्रॉटलला, चढावर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होतं.

स्पॅनर
मग ॲडव्हान्स कमी करा. डिस्ट्रिब्युटरवरचा ॲडजस्ट होणारा व्हॅक्यूम कॅनिस्टर (ॲडव्हान्स देणारा डबा) मिळतो. त्याच्या पाईपच्या तोंडातून बारीक ॲलन की घालून तो जुळवता येतो. ईजीआरची वाट काजळीने बुजली असेल तर ती गाडी तशीही ईजीआरशिवायच चालते आहे.

व्हॅक्यूमगेज
आधी तपासा, मग भांडा. ईजीआरच्या डायाफ्रामला हातपंपाने व्हॅक्यूम द्या. आयडलवर इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं तर वाट उघडी आहे. काही फरक पडला नाही आणि डायाफ्राम व्हॅक्यूम धरून ठेवतोय, तर काजळी खरवडायची वेळ आली आहे. पीसीव्हीवर बोट ठेवलं की आरपीएम थोडा उतरला पाहिजे. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन आयडलला पाऱ्याचे १७ ते २१ इंच व्हॅक्यूम दाखवतं. उंचीवर दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी धरा. गळती शोधायला कमी दाबाचा धूर वापरा. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारणं म्हणजे आगीला आमंत्रण.

पाईप बदलताना एक काढा, एक लावा. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून खुणा करा आणि बॉनेटखालच्या लेबलवरची आकृती आधी फोटो काढून ठेवा. जुना पाईप ओढू नका, उभा चिरून सोडवा. फेकण्याआधी तो चेपून बघा: काहींच्या पोटात बारीक छिद्राची पितळी चकती असते. ती कचऱ्यात गेली की व्हॅक्यूमचा वेग बदलतो आणि मग टायमिंगचा दोष तासन्‌तास सापडत नाही. डिले व्हॉल्व्हची (व्हॅक्यूम सावकाश पोचवणारा) दिशाही जपा, उलटा बसला की ॲडव्हान्स भलत्याच वेळी येतो.

स्पॅनर
चकतीचा मुद्दा मोलाचा. पाईपचा प्रकारही बघा. सिलिकॉन फक्त कोरड्या व्हॅक्यूमला. पेट्रोलच्या वाफेला आणि पीसीव्हीला एसएई ३०आर७ दर्जाचा, कारण हीटरचा पाईप तेलाने मऊ होऊन व्हॅक्यूमने चपटा होतो. पण माझं मत तसंच आहे: ज्या स्विचला पर्याय मिळत नाही, त्याची फांदी मॅनिफोल्डपाशीच बंद करा, तीही आट्यांच्या पितळी प्लगने. रबरी टोपी उष्णतेने तडकते आणि गळती परत येते.

धागाकर्ता
त्या स्विचच्या फांदीत डिस्ट्रिब्युटरची लाईन येते का ते पहिल्यांदा बघा. काही गाड्यांत इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की हाच स्विच आयडलवर डिस्ट्रिब्युटरला मॅनिफोल्डचा पूर्ण व्हॅक्यूम देतो. आयडल वाढतो, पंखा आणि वॉटर पंप वेगाने फिरतात. तशी गाडी असेल तर तुमचा प्लग ट्रॅफिकमध्ये इंजिन उकळवेल.