संध्याकाळी पालेभाजी: एक कढई, अर्धा तास. मेथी कडू, पालकाला पाणी, पुंडीत डाळ कच्ची. चुकतंय कुठं?

टिळकवाडी_दुसरामजला
घरी पोचायला सात वाजतात, आठला ताटं. एका शेगडीवर भाकरी, दुसरीवर भाजी. रात्री कुकर, मिक्सर काढायचा नाही. आठवड्यातून चार दिवस पालेभाजी हवी आहे, माणसं चार. अडचणी अशा: मेथी कडू आणि काळपट होते. पालकाला एवढं पाणी सुटतं की वाटीत वाढावा लागतो. पुंडीत (अंबाडीत) डाळ टाकली की तासभर उकळूनही दाणा दाताखाली येतो. शिवाय रविवारी धुऊन ठेवलेला पाला मंगळवारी चिकट झालेला असतो. प्रमाणासकट सांगा.

वडगाव_मळा
शेवटापासून सुरू करतो, कारण अर्धा वेळ तिथंच जातोय. रविवारी भाजी नुसती निवडा, धुऊ नका. मुळं छाटा, पिवळी पानं काढा, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. मेथी, शेपू तीन दिवस राहतात, पालक दोन. ओला पाला पिशवीत बांधला की कुजणारच.

धुवायची ती भाजी करायच्या वेळी, आणि चिरायच्या आधी. चिरून धुतली तर रस पाण्याबरोबर मोरीत जातो. मोठ्या पातेल्यात भाजी बुडवून हातानं वर उचलून काढा, पातेलं ओतून टाकू नका. ओतलं की तळाला बसलेली माती परत पानांवरच येते. पावसाळ्यात तीन पाणी, एरवी दोन पुरतात. मग चाळणीत दहा मिनिटं निथळायला ठेवा; तेवढ्यात लसूण सोलून होतो.

मेथी: दोन जुड्या, निवडून साधारण पाव किलो. आल्या आल्या दोन मोठे चमचे मूगडाळ भिजत टाका, वीस मिनिटं पुरे. पसरट कढईत दोन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, आठ पाकळ्या ठेचलेला लसूण, तीन हिरव्या मिरच्या. लसूण बदामी होऊ द्या, त्यापुढं गेला की मेथीच्या कडूपणात त्याचाही कडूपणा मिसळतो. निथळलेली डाळ एक मिनिट परता, अर्धी वाटी पाणी घालून झाकून पाच मिनिटं शिजवा. दाणा बोटात चेपला पाहिजे आणि पाणी आटलेलं पाहिजे. मग आच मोठी करून मेथी टाका. इथून पुढं झाकण नाही. पाला पडल्यावर चर्र आवाज यायला हवा. रटरट ऐकू आली तर भाजी परतली जात नाही, उकडतेय असं समजा. कढई लहान आहे किंवा पाला ओला आहे. चार-पाच मिनिटांत होते.

काळपटपणा झाकणामुळंच येतो. पानातली आंबट वाफ बाहेर जायला हवी. ती झाकणाखाली अडकून परत भाजीत उतरली की हिरवा रंग जाऊन शेवाळी होतो. सोडा घालून रंग टिकतो खरा, पण पानं बुळबुळीत होतात. नको ते.

मीठ शेवटी, पाव किलोला अर्धा लहान चमचा. ढिगाकडं बघून घातलं तर खारट होणारच, पाला चौथा हिस्सा उरतो. कडूपणासाठी मीठ लावून पिळायची पद्धत आहे, पण त्यात चव पण पिळून जाते. जाड देठ काढा, डाळ घाला, शेवटी बोराएवढा गूळ. तरीही थोडी कडू लागेल. मेथी आहे ती, लागू दे की!

पालकाला हेच, फक्त डाळीशिवाय आणि तीन मिनिटांत. दोन खेपांत टाका, पहिला ढीग बसला की दुसरा. एकदम ओतला की कढई थंड पडते, आणि तुमचं पाणी तिथून येतं. शेपूलाही मूगडाळच, पण लसूण बारा पाकळ्या. वास सौम्य होतो.

निपाणीकर_७
पुंडीचं मी सांगतो. डाळ आंबटात शिजत नाही, हे एवढंच कारण आहे. चिंच, टोमॅटो, अंबाडी, काहीही आंबट आधी पडलं की डाळीचा दाणा आवळून बसतो, मग तासभर उकळा नाहीतर दोन तास. सकाळी वरणाला कुकर लागतोच ना? तेव्हाच मूठभर तूरडाळ जास्त लावा आणि एक वाटी घोटलेली बाजूला काढा.

रात्री: अंबाडीची एक जुडी, फक्त पानं. देठ अजिबात नको, त्याचाच वाख काढून दोर वळतात. दोन वाट्या पाण्यात पानं पाच मिनिटं उकळून चाळणीत काढा, हलकं दाबा. कोरडी पिळलीत तर पुंडी कशाला आणली? त्याच कढईत दोन मोठे चमचे तांदळाच्या कण्या दीड वाटी पाण्यात दहा मिनिटं शिजवा (जोंधळ्याच्या कण्या चवीला सरस, पण त्यांना वेळ लागतो, त्या सुट्टीच्या दिवशी). त्यात डाळ, पानं, मीठ, सुपारीएवढा गूळ, पाच मिनिटं मंद आच. रवीनं हलकं घोटा.

वरून फोडणी, भाजीत नाही. लहान पळीत दोन चमचे तेल, दहा पाकळ्या लसूण, दोन ब्याडगी मिरच्या. ब्याडगी रंगाला. तिखट हवं तर एक संकेश्वरी घाला, पण एकच.

खानापूर_पाऊस
झाकणाबद्दल थोडं वेगळं मत. राजगिरा, लाल माठ यांचे देठ टाकू नका, पण ते उघड्यावर शिजत नाहीत. देठ बारीक चिरून फोडणीत कांद्याबरोबर टाका, पाण्याचा हबका मारून झाकून तीन-चार मिनिटं. मग पानं, मोठी आच, झाकण काढून. वर मूठभर ओलं खोबरं. पानं आणि देठ एकदम टाकले की पानांचा लगदा आणि देठ करकरीत, दोन्ही बिघडतं.

सगळ्यात झटपट म्हणजे कांदापातीचा झुणका: दोन जुड्या पात, तीन मोठे चमचे बेसन. पात मऊ होऊन थोडं पाणी सुटलं की बेसन वरून भुरभुरत टाका आणि लगेच ढवळू नका. मंद आचेवर झाकून चार मिनिटं वाफ, मग उलथन्यानं परता. लगेच ढवळलं की गोळे होतात आणि आतलं पीठ कच्चं राहतं. कोरडं वाटलं तर पाण्याचा एकच हबका.

टिळकवाडी_दुसरामजला
कळलं, माझी कढईच लहान होती! आणखी एक, लोखंडी चालेल का? आईची आहे, जड आणि चांगली पसरट.

वडगाव_मळा
मेथी, शेपू, कांदापातीला उत्तम. तापते उशिरा, पण गार पाला पडला तरी आच धरून ठेवते. भाजी झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढा, कढईत राहिली की काळी पडते.

निपाणीकर_७
पुंडी आणि चुका (तीही आंबट पालेभाजीच) मात्र लोखंडात नको. आंबटानं लोखंड उतरतं, भाजी काळी आणि चव कढईची. कल्हई नसलेलं पितळ त्याहून वाईट. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या.