मदत हवी आहे : ओझोन मशीन किती वेळ चालवायचं?

केळीवाला_रावेर : विहिरीच्या पाण्याला फवारणीचा वास येतोय. ओझोनच्या मशीनची नळी टाकीत सोडली, बुडबुडे येतात, वास जात नाही. किती वेळ चालवू? घरात लहान पोरं आहेत, लवकर सांगा.

तापीकाठ : कसली फवारणी? टाकी केवढी? मशीन ताशी किती मिलिग्रॅमचं?

आबा_चोपडा : ओझोन-बिझोन सोडा, आरओ बसवा. आमच्याकडे डाळ शिजत नव्हती, आता झकास.

तापीकाठ : आबा, क्षारांचं विचारलंय कोणी?

केळीवाला_रावेर : टाकी 500 लिटरची. मशीन भाजी धुवायचं, 400 लिहिलंय.

धुळेकर_केमिस्ट : म्हणजे सगळा ओझोन विरघळला तरी तासाला लिटरमागे 0.8 मिलिग्रॅम. तुमचा बराचसा बुडबुड्यांतून हवेत जातोय. खोली बंद असेल तर आधी खिडकी उघडा, तो छातीला वाईट. औषध कोणतं ते राहिलंच.

केळीवाला_रावेर : शेजारच्या मक्यातलं तणनाशक, अ‍ॅट्राझिन. माझ्या केळीत काही नाही.

धुळेकर_केमिस्ट : अ‍ॅट्राझिनला वास नसतो, वास दुसऱ्याच कशाचा तरी. शिवाय नुसत्या ओझोनला ते फार हळू दाद देतं. पाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये ओझोनसोबत हायड्रोजन पेरॉक्साइड देतात. त्यातून निघणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे झटपट क्रिया करणारे कण, हे तणनाशक तोडतात, तरी त्याचे तुकडे उरतात. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचं तर ओझोनने ऑक्सॉन नावाचं रसायन होतं, मुळापेक्षा जहाल. म्हणून ओझोनच्या मागे हे उरलेलं शोषून घेणारा कार्बनचा फिल्टर लागतो. घरी पेरॉक्साइड ओतत बसू नका. पाणी प्रयोगशाळेत द्या, कीटकनाशकांची तपासणी वेगळी मागा. भारतीय मानकात अ‍ॅट्राझिनची मर्यादा लिटरला 2 मायक्रोग्रॅम आहे, नाकाला काय कळणार? तोवर प्यायला दुसरीकडून आणा.

आबा_चोपडा : आरओने औषधंही बरीच अडतात, हे नाही सांगत कोणी!

धुळेकर_केमिस्ट : अडतात. पण काय अडवायचंय ते कळू तर द्या.

शेवगा_प्रेमी : शेवग्याच्या बिया कुटून टाका, पाणी निवळशंख होतं.

तापीकाठ : गढूळ पाणी. इथे गढूळ कुठे म्हणालेत?

यावलनी_पोर : भो, शेजारीले ईचार ना, पंपमा काय काय टाकेल व्हतं!

केळीवाला_रावेर : विचारलं. नाव आठवत नाही म्हणतो. पंप मात्र माझ्याच विहिरीच्या थारोळ्यावर धुतला. मशीन किती वेळ चालवायचं ते अजून कोणी सांगितलं नाही.

धुळेकर_केमिस्ट : बंद ठेवा. थारोळ्याचं पाणी विहिरीत जातं का?

आबा_चोपडा : केळीला काय भाव चाललाय रावेरात?